ओळ एकशे तेरा

पहिल्या दिवशी मी वीब्रेनला विचारलं,
पूल उघडायला काय काय लागतं?
तो म्हणाला, बोट.

मी लिहून घेतलं.
कोष्टकात पहिली ओळ पडली:
बोट आल्यास पूल उघडावा.

फ्रीसलंडमधला हा एवढासा कालवा,
दोन्ही काठांना गायी आणि सायकली,
मधे वीब्रेनची काचेची केबिन.
पुढच्या वसंतात ती रिकामी होईल.
बावीस पूल लेवार्डनमधल्या एकाच खोलीतून उघडतील,
पडद्यांसमोर बसलेली तिघं माणसं उघडतील ते,
आणि त्या तिघांना काय काय दिसायला हवं
हे शोधून काढण्याचे मला पैसे मिळतात.

हवं आणि लागतं, यांत फरक आहे.
नगरपालिकेला हवं असतं, बोटवाल्यांना हवं असतं,
पुलाला लागतं.
हे मी बैठकीत म्हटलं तेव्हा
एकेका कॉफीबरोबर एकेकच बिस्किट फिरत होतं
आणि श्रीमती टेर होर्स्ट म्हणाल्या,
छान आहे, पण याला क्रमांक काय द्यायचा?

दिले क्रमांक.
चौदा: अडसर वीस सेकंदांत खाली यावा.
शाळा सुटली असेल तर नाही, वीब्रेन म्हणाला.
पंधरा: शाळा सुटल्याचे प्रणालीस कळावे.
कसं कळणार, यॉरिटने विचारलं, जो हे सगळं कोडमध्ये उतरवणार होता.
आवाजावरून, वीब्रेन म्हणाला.
एकतीस: शुल्क कार्डाने घ्यावे.
इथे तो काहीच बोलला नाही.
गळाच्या काठीला टांगलेला लाकडी बूट,
ज्यात बोटीवरची माणसं जाता जाता नाणी टाकतात
आणि कधीमधी चार चेरी,
तो फक्त त्याने थोडा आत ओढून घेतला.

मे संपेपर्यंत ओळी एकशे बारा झाल्या.
यावे, व्हावे, दाखवावे, कळवावे,
सगळा विध्यर्थ.
इतकी सौम्य भाषा, आणि तिच्यावर कोर्टात जाता येतं.
सगळ्यांनी सह्या केल्या. वीब्रेननेही,
दोर खुंट्याला गुंडाळावा तशी, शेवटी एक वेढा जास्तीचा.

जुलैत ऊन चढलं. मी सहज गेले होते.
तो बादलीला दोर बांधून
कालव्याचं पाणी शेंदत होता
आणि पुलाच्या सांध्यावर ओतत होता,
बादलीमागून बादली.

हे काय?
पोलाद फुगतं. पाणी नाही घातलं तर
दुपारी उघडतो आणि मिटत नाही.
दर उन्हाळ्यात?
एकतीस वर्षं.
मग मला का नाही सांगितलंस?

त्याने बादली खाली ठेवली.
त्याला माझा राग आला नव्हता, हेच अवघड होतं.
तू विचारलंस, उघडायला काय लागतं.
मिटायला काय लागतं, ते कुठे विचारलंस?

यॉरिटला तिथूनच फोन लावला.
त्याचे दोनच प्रश्न: किती अंशांना? किती लिटर?
मी ते वीब्रेनकडे सरकवले.
त्याने कठड्याखाली पोलादावर तळवा टेकवला.
असं झालं की, तो म्हणाला.

मीही टेकवला.
माझ्या हाताला ते नुसतंच गरम लागलं.
त्याने माझं मनगट धरून
हात चार बोटं डावीकडे नेला,
सांध्याच्या कडेला, जिथला हिरवा रंग
टाळीएवढ्या जागेत उडालेला होता.
कळलं?
नाही.
दोन उन्हाळे लागतील, तो म्हणाला.

माझ्याकडे सप्टेंबरपर्यंतची मुदत होती.

ओळ एकशे तेरा अजून अर्धीच आहे:
पोलाद असे झाल्यास.
असे खोडून मी चौतीस अंश लिहिलं,
चौतीस खोडून पुन्हा असे.
खाली एका बोटीने भोंगा दिला.
वीब्रेन उठला. म्हणाला,
थांब जरा, आधी हिला सोडू दे.